काम भरपूर आहे, पैसे कुठे आहेत?

एखादी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी वाढतेय असं आपण कधी म्हणतो, तर तिचे बोर्ड जास्त साइटवर दिसायला लागले की, नवे डंपर आले की, ऑफिसात चार टेबलं वाढली की. आणि टर्नओव्हर दुप्पट झाला तर मग काय बघायलाच नको, सगळेच अभिनंदन करायला येतात. मी बरीच वर्षं एस्टिमेट आणि बिलिंग बघत आलेय, तेही अशाच कंपन्यांमध्ये, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या, मालक किंवा दोन-तीन भागीदार चालवतात अशा, एकाच भागात पाय रोवून असलेल्या. आणि टर्नओव्हर दुप्पट झाला असं कोणी सांगितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की मग आता अडकलेले पैसे किती झाले? कारण माझ्या डोळ्यांसमोर ज्या कंपन्या बसल्या त्यातल्या बहुतेकांकडे काम नव्हतं असं अजिबात नाही, उलट बसल्या तेव्हा त्यांच्या हातात आयुष्यातलं सगळ्यात जास्त काम होतं.

हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. काम आहे, कामात नफा आहे, मग कंपनी बुडेल कशी? म्हणून एकदा आकड्यात मांडते.

समजा 1200 चं काम आहे (हजार, लाख, काहीही धरा), 12 महिन्यांचं, दर महिन्याला 100 चं काम होतं. त्या 100 मागे कंपनीचा खर्च 92, म्हणजे 8 चा नफा, पेपरवर चांगलं काम. त्या 92 मध्ये मजुरी 30, ती थांबत नाही, मजुराला आज नाही उद्या असं सांगता येत नाही आणि सांगूही नये. मटेरियल 45, सप्लायर महिनाभराची उधारी देतो असं धरू. उरलेले 17 म्हणजे मशिनरी, डिझेल, साइटचा स्टाफ, ऑफिस. आता पहिल्या महिन्याचं बिल महिना संपल्यावर लावलं. फिडिक म्हणून सल्लागार इंजिनिअरांची 1913 पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या 1999 च्या रेड बुकमधल्या कराराच्या अटी जगभर वापरतात, त्यात असं आहे की बिल मिळाल्यापासून 28 दिवसांत काम तपासणाऱ्या इंजिनिअरने ते सर्टिफाय करायचं आणि बिल मिळाल्यापासून 56 दिवसांत काम देणाऱ्या मालकाने पैसे द्यायचे. म्हणजे सगळं अगदी नियमाने झालं, कोणी बिल दाबून ठेवलं नाही, कोणी शंका काढली नाही, तरी पहिल्या महिन्याच्या कामाचे पैसे तिसरा महिना संपताना येतात. तोवर कंपनीने तीन महिन्यांची मजुरी 90, दोन महिन्यांचं मटेरियल 90 आणि तीन महिन्यांचा बाकी खर्च 51 भरलेला असतो. झाले 231. आणि आलेले पैसे शून्य.

मग पहिलं पेमेंट येतं ते पण 100 नाही, त्यातून 10 टक्के रिटेन्शन, म्हणजे काम नीट होईल याची हमी म्हणून रोखून ठेवलेली रक्कम, कापून 90. आता इथे नीट बघा, दर महिन्याला खर्च 92 आणि हातात येतात 90. म्हणजे बिलं वेळच्या वेळी येत राहिली तरी खड्डा दर महिन्याला 2 ने खोलच होतोय, भरत नाहीये. आणि काम संपतं तेव्हा कापलेलं रिटेन्शन असतं 120, पूर्ण कामाचा नफा असतो 96. म्हणजे सगळा नफा आणि वर आपले स्वतःचे 24, दुसऱ्याच्या खिशात. त्यातलं अर्धं साधारण काम ताब्यात दिल्यावर सुटतं आणि अर्धं डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे कामातले दोष आपण दुरुस्त करून द्यायची, मुदत संपल्यावर, जी बऱ्याचदा वर्षभराची किंवा त्याहून जास्त असते. कुठे रिटेन्शन 5 टक्के असतं, कुठे त्याला वरची मर्यादा असते, कुठे बँक गॅरंटी देऊन सोडवून घेता येतं, सुरुवातीला मोबिलायझेशन अॅडव्हान्स, म्हणजे साइट उभी करायला आगाऊ रक्कम, मिळाला तर श्वास घ्यायला जागा मिळते, पण अॅडव्हान्सला पण गॅरंटी लागते, गॅरंटीला बँक मार्जिन, म्हणजे काही रक्कम अडकवून ठेवायला, मागते, आणि अॅडव्हान्स पुढच्या बिलांतून कापूनच जातो.

तर 96 चा नफा मिळवायला सुरुवातीलाच 230 च्या आसपास पैसे घालावे लागतात. अशी पाच कामं एकदम सुरू केली की साडेअकराशे. हा पैसा आणायचा कुठून हा कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या वाढीतला खरा प्रश्न आहे, काम आणायचं कुठून हा नाही. टेंडर तर रोज निघतात.

आणि इथेच बहुतेक जण करतात ते म्हणजे याची टोपी त्याला. जुन्या साइटचं पेमेंट आलं की ते नव्या साइटच्या सुरुवातीला घालायचं. हे वाईट माणसंच करतात असं नाही, चांगली, मेहनती, शब्दाला जागणारी माणसं करतात, कारण त्या दिवशी दुसरा रस्ता दिसत नसतो. त्यात भर म्हणजे फ्रंट लोडिंग. टेंडर भरताना खोदाई, पाया अशा सुरुवातीला होणाऱ्या आयटमना भाव चढा लावायचा आणि फिनिशिंगच्या, शेवटच्या आयटमना भाव पाडायचा, एकूण रक्कम तीच ठेवायची. सुरुवातीची बिलं जाड येतात, खात्यात पैसा दिसतो, वाटतं काम झकास चाललंय. खरं तर तो पैसा शेवटच्या महिन्यांच्या कामाचा असतो, उसना घेतलेला. तो त्याच साइटसाठी बाजूला ठेवला तर फ्रंट लोडिंग उपयोगाचं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तो दुसऱ्या साइटला गेला की शेवटी टाइल्स आणि रंगकाम करायच्या वेळेला बिल बारीक आणि खर्च मोठा, आणि मग ते काम ओढायला तिसरं काम घ्यावं लागतं. नवीन कामं येत राहतात तोवर काहीच कळत नाही. एखाद्या वर्षी मार्केट जरा थांबलं, दोन टेंडर हातची गेली, की सगळ्या साइट एकदम पैसे मागायला लागतात. म्हणजे वाढ थांबली त्या दिवशी आजार दिसतो, पण झालेला असतो आधीच.

भावाचं पण बोलायला हवं. सगळ्यात कमी भाव त्याला काम, ही पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे आणि वाढायची घाई असलेल्या कंपनीला ती फार महागात पडते. 1971 मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल, समुद्रातल्या तेलाच्या जागांच्या लिलावावर एक पेपर लिहिला होता, त्यात त्यांनी दाखवलं की सगळे बोली लावणारे सरासरीने बरोबर अंदाज करत असले तरी जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलाय तो, तेलाच्या लिलावात सगळ्यात जास्त बोली लावणारा. टेंडरमध्ये हेच उलटं होतं. सात जणांनी भाव भरले, सातही जण हुशार, पण सगळ्यात खाली कोण असणार? बऱ्याचदा ज्याने काहीतरी धरायचंच राहिलंय तो, पाणी उपसायचा खर्च, लांबून आणायच्या भरावाचं वाहन, दुसऱ्यांदा लागणारं सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा टेकू. म्हणून टेंडर उघडल्यावर आपण एक नंबरला आलो आणि दोन नंबरवाला आपल्यापेक्षा बराच वर आहे असं दिसलं की मला आनंद होत नाही, मी एस्टिमेट परत उघडून बसते.

आणि एस्टिमेट बरोबर आहे की नाही हे ऑफिसात बसून कळत नाही, ते साइटवरून परत यायला लागतं. काँक्रीटचं उदाहरण घ्या. ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढली, समजा 100 घनमीटर. काँक्रीट बनवणाऱ्या बॅचिंग प्लांटच्या स्लिपा जोडल्या तर 103 भरतात. हे 3 कुठे गेले? पायाची खोदाई थोडी जास्त झाली, ती काँक्रीटने भरली. शटरिंगला, म्हणजे काँक्रीटच्या साच्याला, आधार कमी पडला, भिंत फुगली. स्लॅबची लेव्हल एका कोपऱ्यात सेंटिमीटरभर वर गेली. शेवटच्या मिक्सरमध्ये उरलेलं ओतून टाकलं. यातला कुठलाच प्रकार मोठा नाही, कोणी चोरी केली नाही, पण बिल 100 चंच होणार आणि पैसे 103 चे जाणार. सगळा खर्च वजा करून हातात 3-4 टक्के राहणाऱ्या धंद्यात मुख्य मटेरियलमध्येच 3 टक्के असे गेले तर काय राहतं ते तुम्हीच बघा. मालक स्वतः रोज साइटवर होता तेव्हा तो स्लिपा खिशात ठेवायचा, संध्याकाळी जुळवायचा, फुगलेली भिंत बघून त्याच दिवशी सुताराला बोलायचा. साइट एकाच्या चार झाल्या की मालक दोन दिवसांनी येतो, आठ झाल्या की फोनवर विचारतो आणि फोनवर सगळं व्यवस्थितच असतं.

माझ्या मते कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचा खरा आकार म्हणजे तिच्याकडे डोळे झाकून साइट सोपवता येईल अशी माणसं किती आहेत तो आकडा. बाकी सगळं, डंपर, बॅचिंग प्लांट, ऑफिस, विकत किंवा भाड्याने मिळतं. साइट इन-चार्ज मिळत नाही, तो घडवावा लागतो आणि घडायला कामाचे निदान एक-दोन पूर्ण फेरे लागतात, पायापासून हॅन्डओव्हरपर्यंत. टर्नओव्हर एका सहीने दुप्पट होतो, ही माणसं होत नाहीत.

चांगला साइट इन-चार्ज म्हणजे फक्त काम ओढणारा नव्हे. मी एका साइटवर होते तिथे खोदाईत अचानक कठीण खडक लागला, टेंडरमध्ये मऊ माती धरलेली. इन-चार्ज वयाने मोठे, फार बोलणारे नाहीत, पण रोजची डायरी इमानाने लिहायचे, किती माणसं, कुठलं मशीन किती तास, पाऊस किती वाजता आला, कोणी काय तोंडी सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी खडकाचे फोटो काढले, लेव्हल घेतल्या, इंजिनिअरला बोलावून सही घेतली आणि ऑफिसला कळवलं की पत्र लावा. समोरच्यांनी तोंडी सांगितलं होतं की तुम्ही फोडत राहा आपण नंतर बघू. नंतर बघू म्हणणारा माणूस नंतर बदलून गेला, नव्याला काहीच माहीत नव्हतं, आणि आम्हाला जो एक्स्ट्रा आयटम, म्हणजे जादा कामाचे पैसे, मिळाला तो फक्त त्या डायरीवर आणि वेळेत गेलेल्या पत्रावर मिळाला. फिडिकच्या त्याच 1999 च्या अटींमध्ये क्लेमची, म्हणजे जादा पैसे किंवा मुदत मागायची, नोटीस घटना कळल्यापासून 28 दिवसांत गेली नाही तर हक्कच जातो. किती साइटवर इन-चार्जला हे माहीत असतं? बहुतेक जण म्हणतात, ताई आधी काम पुढे ढकलू दे, पत्राचं नंतर. काम पुढे जातं, पैसा मागे राहतो.

एका माणसाने कंपन्यांचा दर्जा कसा बदलतो याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं हूवर धरण. हे काम कुठल्या एका अवाढव्य कंपनीने केलं असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. 1931 मध्ये टेंडर निघालं तेव्हा नुसत्या परफॉर्मन्स बाँडचीच, म्हणजे काम पूर्ण करण्याच्या हमीचीच, रक्कम होती 50 लाख डॉलर, आणि पश्चिमेकडच्या कुठल्याच कॉन्ट्रॅक्टरची एकट्याची तेवढी ऐपत नव्हती. मग यूटा कन्स्ट्रक्शन, मॉरिसन-नूडसन, बेक्टेल आणि कायझर, मॅकडोनाल्ड अँड कान, शे आणि पॅसिफिक ब्रिज, अशी आपापल्या भागात रस्ते, रेल्वे, पूल, बोगदे करणारी मंडळी एकत्र आली आणि सिक्स कंपनीज नावाची एक कंपनी काढली. त्यांचा भाव होता 4 कोटी 88 लाख 90 हजार 995 डॉलर. तो भरला फ्रँक क्रो यांच्या हिशोबावर. या माणसाने आधी सरकारच्या रेक्लमेशन खात्यात धरणं बांधली होती, नंतर मॉरिसन-नूडसन आणि यूटा यांच्यासाठी ग्वेर्नसी, कोम्बी, डेडवुड ही तुलनेने लहान धरणं बांधली, उंचावरच्या केबलवेवरून, म्हणजे दरीवर ताणलेल्या दोरांवरून, काँक्रीट कसं पोहोचवायचं यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सिक्स कंपनीजचा भाव दोन नंबरच्या भावापेक्षा जवळजवळ 50 लाख डॉलरने खाली होता, आणि मी वर म्हटलं तशी धास्ती कोणालाही वाटली असती, पण सरकारी इंजिनिअरांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा तो फक्त 24 हजार डॉलरच्या आसपास वेगळा होता. म्हणजे चूक नव्हती, माहिती होती. धरण 1936 मध्ये, मुदतीच्या दोन वर्षं आधी पूर्ण झालं. हे सांगताना हेही सांगायला पाहिजे की त्या कामावर अधिकृत आकड्यानुसार 96 माणसं मेली. वेगाने काम केलं याचं कौतुक करताना तो आकडा वगळून पुढे जाणं मला जमत नाही.

या गोष्टीत लहान कंपन्यांना घेण्यासारखं खूप आहे. झेपणार नाही एवढं मोठं काम एकट्याने अंगावर घेण्याऐवजी ओळखीच्या, ज्यांचं काम आपण पाहिलंय अशा लोकांबरोबर जॉइंट व्हेंचर करणं, नफा वाटला जातो पण धोकाही वाटला जातो, आणि मोठ्या कामाचा अनुभव कागदावर लागतो जो पुढच्या टेंडरला पात्रतेसाठी उपयोगी पडतो. आणि हे लोक एकदम हूवरवर उडी मारून पोचलेले नव्हते. मॉरिसन आणि नूडसन यांनी 1912 मध्ये 600 डॉलर भांडवलावर सुरुवात केली होती, पहिलं काम 14 हजार डॉलरचं एक पंपिंग प्लांट आणि त्यात त्यांना तोटाच झाला. तिथून हूवरपर्यंत जवळजवळ वीस वर्षं.

पण त्याच मॉरिसन-नूडसनचं पुढे काय झालं ते पण बघा. जगभर धरणं, कालवे, रेल्वे बांधलेली कंपनी, तोवर शेअर बाजारात गेलेली, रेल्वेचे आणि मेट्रोचे डबे बनवायच्या धंद्यात शिरली, कमी भावाने ऑर्डरी घेतल्या, आणि 1994 मध्ये 30 कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. 1996 मध्ये दिवाळखोरीत जाऊन दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. बांधकाम येत होतं, पैसा होता, नाव होतं, पण डबे बनवणं हे त्यांचं काम नव्हतं.

म्हणून वाढताना एका वेळी एकच गोष्ट नवीन घ्यावी असं मला ठामपणे वाटतं. काम नेहमीपेक्षा मोठं असेल तर जागा ओळखीची पाहिजे आणि प्रकार रोजचा पाहिजे. नवीन भागात जायचं तर काम लहान आणि सवयीचं घ्या, कारण तिथली जमीन माहीत नसते, कुठला सप्लायर शब्दाचा पक्का ते माहीत नसतं, मजूर टोळी कुठून आणायची, पावसाचे दिवस किती वाया जातात, बिल पास करणारं ऑफिस कसं चालतं, काहीच माहीत नसतं, आणि या प्रत्येक न-माहीतची किंमत असते जी एस्टिमेटमध्ये कुठल्या रकान्यात लिहायची तेही कळत नाही. रस्ते करणाऱ्याने इमारत घ्यायची तर जवळची, लहान घ्यावी. मी बघितलंय ते असं की मोठं, लांबचं आणि नव्या प्रकारचं असं तिन्ही एकदम असलेलं कामच सगळ्यात जास्त मोहात पाडतं, कारण त्याचा आकडा मोठा असतो आणि तिथे स्पर्धा कमी दिसते.

मशीनचं पण तसंच. लागोपाठ दोन वर्षं भाड्यावर खूप पैसे गेले की मालकाला वाटतं स्वतःचंच घेऊ. घ्यावं, पण वर्षातले बहुतेक महिने ते चालेल एवढं काम खात्रीने असेल तरच. कारण हप्ता पावसाळा बघत नाही. मशीन उभं आहे म्हणून पडेल भावाने काम घेतलं जातं, मग त्या कामाला अजून एक मशीन लागतं, आणि मग कंपनी कोणासाठी चालतेय, मालकासाठी की फायनान्सवाल्यासाठी, असा प्रश्न पडतो.

आता खाजगी असण्याबद्दल, कारण मला स्वतःला या प्रकारच्या कंपन्यांबद्दल खरंच आपुलकी आहे. लिस्टेड कंपनीवर दर तीन महिन्यांनी आकडे दाखवायचं दडपण असतं, ऑर्डर बुक वाढलीच पाहिजे. ब्रिटनची कॅरिलियन ही मोठी लिस्टेड बांधकाम कंपनी 15 जानेवारी 2018 ला कोसळली तेव्हा तिच्यावर 7 अब्ज पौंडांच्या आसपास देणी होती आणि बँकेत फक्त 2 कोटी 90 लाख पौंड, आणि तरी आधीची कितीतरी वर्षं ती डिव्हिडंड वाढवत राहिली होती. खाजगी कंपनीच्या मालकाला असं कोणाला काही दाखवायचं नसतं. तो म्हणू शकतो की यंदा आपल्याकडे तीनच माणसं साइट सांभाळणारी आहेत, आपण तीनच कामं घेणार, टर्नओव्हर खाली गेला तर जाऊ दे. नफा कंपनीतच ठेवू शकतो, पाच वर्षं बाहेर काढला नाही तर कोणी जाब विचारत नाही, आणि ते साठलेले पैसे म्हणजेच तो वरचा 231 चा खड्डा भरायची सोय, बिनव्याजी. एवढी मोठी ताकद हातात असून बरेच मालक ती वापरत नाहीत, शेजारच्या कंपनीचा बोर्ड मोठा झाला म्हणून आपणही वाढायला निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण दुसऱ्या बाजूला खाजगी मालकाला मोजावी लागणारी किंमत पण मोठी आहे. कंपनी कागदावर मर्यादित जबाबदारीची असली तरी बँक कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठीचं फिरतं कर्ज, देताना, गॅरंटी देताना मालकाची वैयक्तिक हमी मागते, घर, जमीन, कधी घरातल्या दुसऱ्या कोणाची सही. म्हणजे टेंडरमध्ये एक आयटम धरायचा राहिला तर तो घराच्या दारापर्यंत येऊ शकतो. नवीन मोठं काम घ्यायचं की नाही हे घरात बोलून ठरवणारे मालक मला जास्त शहाणे वाटतात.

आणि मालकाच्या पुढे काय? बेक्टेल कुटुंबाने 1898 मध्ये खेचरं लावून रेल्वेच्या मार्गाची माती सपाट करण्यापासून सुरुवात केली, आज पाचव्या पिढीकडे कंपनी आहे आणि अजून खाजगीच आहे. पण असं सगळ्यांना जमत नाही, मुलांना साइटची धूळ नको असते किंवा हवी असते पण जमत नाही. कीविट नावाची कंपनी, 1884 मध्ये ओमाहा शहरात दोन भावांनी दगडी बांधकामापासून सुरू केलेली, तिने वेगळा मार्ग काढला, शेअर काम करणाऱ्यांच्याच हातात, आणि कंपनी सोडताना किंवा निवृत्त होताना ते कंपनीलाच परत विकायचे. म्हणजे मालकी नेहमी आज काम करतोय त्याच्याकडे. लहान कंपनीला एवढी रचना नाही झेपणार कदाचित, पण ज्या चार इन-चार्जवर कंपनी उभी आहे त्यांना नफ्यात लेखी, ठरलेला वाटा देणं अजिबात अवघड नाही. न दिल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तो दहा वर्षांनी बाहेर पडतो, स्वतःची फर्म काढतो आणि पुढच्या टेंडरला आपल्याच शेजारी बसलेला असतो, आपले सगळे रेट त्याला पाठ.

सबकॉन्ट्रॅक्टर आणि सप्लायर यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला थांबवत नाही. वरचे पैसे आले नाहीत की खालच्याचे थांबवायचे, हा सगळ्यात सोपा उपाय आणि सगळ्यात वाईट. ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने 'मला मिळाले की तुला देतो' अशी करारातली अट बादच केली, वरचा पैसे देणाराच दिवाळखोर झाला तर सोडून. कॅरिलियन आपल्या सप्लायरना 120 दिवसांची मुदत लावायची, आणि ती बुडाली तेव्हा हजारो लहान धंदे त्यात अडकले. बारबेंडिंग म्हणजे सळया वाकवून बांधणं, प्लास्टर, प्लंबिंग करणारा माणूस पाच-दहा मजुरांचा धनी असतो, त्याच्याकडे कॅश क्रेडिट नसतं. त्याला उशीर केला की पुढच्या कामाला तो भाव वाढवून सांगतो, चांगली टोळी दुसरीकडे पाठवतो आणि आपल्याकडे शिकाऊ. त्याच्या बिलाची तारीख पाळणारी कंपनी थोड्या जास्त भावाने पण काम जिंकून वेळेत करते, कारण अडीअडचणीला तिच्या साइटवर माणसं येतात. हे मी आकड्यात सिद्ध नाही करू शकत पण माझ्या बिलिंगच्या टेबलावरून रोज दिसतं.

सध्या मी ज्या कंपनीत आहे तिथे दर महिन्याला एकच कागद फिरतो. प्रत्येक कामासमोर टेंडर भरताना धरलेला नफा, आज अंदाज केला तर येणारा नफा, झालेल्या कामाचं न लागलेलं बिल, लागलेलं पण न आलेलं पेमेंट, आणि रिटेन्शन कधी सुटणार ती तारीख. सुरुवातीला 8 धरलेला नफा सहाव्या महिन्यात 6 आणि नवव्या महिन्यात 4 दिसत असेल तर ते काम 4 वर थांबणार नाही हे जवळजवळ ठरलेलं असतं. सगळे इन-चार्ज तो कागद बघतात, फक्त मालक नाही. गेल्या बैठकीत एक चांगलं, मोठं टेंडर समोर होतं, सगळ्यांना हवं होतं, आणि कागद बघितल्यावर सगळ्यात तरुण इन-चार्जनेच सांगितलं की माझं आत्ताचं काम हॅन्डओव्हर झाल्याशिवाय मला दुसरं देऊ नका आणि बाकी कोणी मोकळं नाहीये. टेंडर भरलं नाही. मालकांनी त्याच बैठकीत त्याच्या हाताखाली दोन नवे ज्युनियर द्यायला सांगितलं, पुढच्या वर्षासाठी.